बयाबाईच्या मागचं झाड

चंद्रपुरात राहून टीव्हीसाठी कार्टून करते म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लागोपाठ दोन प्रश्न येतात. पहिला, "इथी?" आणि दुसरा, "म्हणजे नेमकं काय करता?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, इथेच. पंप-मोटारींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गच्ची एवढा आमचा स्टुडिओ आहे, आणि मला धरून पाच माणसं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो.

लोकांना वाटतं, आम्ही आधी चित्रं काढतो आणि मग कोणीतरी त्यांना आवाज देतं. खरं काम उलटं चालतं. आधी गोष्ट लिहायची, मग ती बोलून घ्यायची. आवाज हातात आला की तो ऐकत ऐकत पात्राचा जबडा कुठे उघडतो, ओठ कुठे मिटतात, मान कुठल्या शब्दावर हलते ते ठरवायचं. टीव्हीवर एका सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात. आम्ही काटकसरी माणसं, बारा-तेरा काढतो आणि प्रत्येक दोनदा दाखवतो. तरी अकरा मिनिटांच्या भागाला किती चित्रं लागतात याचा हिशोब मी करत नाही. केला तर दुसऱ्या दिवशी कामावर जाणार नाही.

माझं बालपण ऊर्जानगरच्या क्वार्टरात गेलं. वडील वीज केंद्रात कोळसा हाताळणीला होते. तिथून ते रद्द झालेल्या तक्त्यांचे गठ्ठे घरी आणायचे. एका बाजूला छापील रकाने, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूंवर मी चित्रकला शिकले. पुढे हैदराबादला एका मोठ्या स्टुडिओत नऊ वर्षं दुसऱ्यांच्या कार्टूनमधली मधली चित्रं काढली. पात्राचा हात वर गेलेला एक जण काढतो, खाली आलेला दुसरा काढतो. त्या दोन्हींच्या मधला जो हात कोणाच्याच लक्षात राहत नाही, तो मी काढायची. एके दिवशी वाटलं, आता पुरे. परत आले.

परत आल्यावर पहिली काही वर्षं मिळेल ते केलं. एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याला जाहिरातीत नाचणारं कापसाचं बोंड हवं होतं आणि त्या बोंडाला त्याच्यासारखीच मिशी. मी म्हटलं, मिशी काळी, कापूस पांढरा, लांबून किडीसारखी दिसेल. तो म्हणाला, "दिसू द्या, पण मिशी पायजे." दिली. जाहिरात सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "मॅडम, लोक विचारून राह्यले का बोंडाले कीड काऊन लागली?" मिशी काढली.

अशी कामं करता करता मी बयाबाई रचली. बयाबाई ही एक अस्वलीण. आमच्या जंगलातली, लांब तोंडाची, छातीवर पांढरा पट्टा असलेली. खादाड, बढाईखोर आणि पकडली गेली की हमखास खोटं बोलणारी. मोहाच्या झाडाखाली ती दरबार भरवते आणि जंगलातली भांडणं सोडवते. बहुतेक भांडणं तिनेच लावलेली असतात. पहिल्या रेखाटनात मी तिला गोल नाक आणि गुबगुबीत गाल दिले होते. हैदराबादची सवय. ते चित्र घेऊन मी धानोऱ्याकडच्या एका गावात मोहफुलं वेचणाऱ्या बायकांना दाखवलं. त्यातल्या एकीने कागद उभा-आडवा फिरवून पाहिला आणि विचारलं, "हे कुत्रं एवढं जाड काऊन हाये?" मी तिथेच बसून त्यांच्याकडून अस्वल शिकून घेतलं. या बायका पहाटे मोहाखाली जातात तेव्हा कधी कधी अस्वल त्यांच्याही आधी येऊन बसलेलं असतं. मला शिकवायला त्यांच्याइतकं योग्य कोण?

मुलांच्या एका वाहिनीला बयाबाई आवडली. तिथल्या तन्वी मॅडमनी हे काम अंगावर घेतलं. हुशार बाई, बोलणं कमी, प्रश्न नेमके. त्यांची अट स्पष्ट होती. आधी एक नमुना भाग करून द्यायचा. तो पसंत पडला तर सव्वीस भाग आम्ही चंद्रपुरात करायचे. नाही पडला तर बयाबाई त्यांची, आणि ती मुंबईतला एखादा मोठा स्टुडिओ करणार. करारातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि सही केली. म्हणजे नमुना फसला असता तर माझी अस्वलीण दुसऱ्याच्या हाताने हलली असती, आणि आम्ही पाच जण पुन्हा बोंडाला मिश्या लावत बसलो असतो.

तन्वी मॅडम म्हणाल्या, "आवाजासाठी इथले चांगले कलाकार देऊ का?"

मी म्हटलं, "आवाज आमच्याकडचाच हवा."

"कोण आहे तुमच्याकडे?"

माझ्याकडे त्या वेळी कोणीच नव्हतं. तरी म्हटलं, "आहेत."

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्वेकडच्या भागात, दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात. हजारो माणसं बसतात. नाटक कंपन्यांचं ठाणं वडशाला. तिथे चौकशी केली तेव्हा तीन जणांनी एकच नाव सांगितलं, शेवंताबाई. साठीला आलेल्या, आयुष्यभर विनोदी कामं केलेल्या. गुडघे गेल्यामुळे आता कंपन्या कमी बोलावत होत्या. मी त्यांना भेटून काम समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे नाचा लागत नाई?"

"नाही. बसून बोलायचं."

"मंग मी अस्वल काय, हत्ती बी करतो."

ठरल्या दिवशी शेवंताबाई स्टुडिओत आल्या, तर सोबत एक किडकिडीत गृहस्थ. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. त्यांनी नुसता नमस्कार केला.

"हे कोण?" मी विचारलं.

"नामदेव. माहा प्रॉम्प्टर."

"पण इथे प्रॉम्प्टर लागत नाही, शेवंताबाई. कागद समोर असतो. वाचून बोलायचं."

"तुमाले लागत नाई. मले लागते. मी त्याच्याशिवाय तोंड उघडत नाई."

झाडीपट्टीचं नाटक न पाहिलेल्यांना इथे थोडं सांगायला हवं. तिथे एक कलाकार एका हंगामात पाच-सहा नाटकं करतो, आज हे, उद्या ते. एवढं पाठ कोण करणार? म्हणून विंगेत आडोशाला प्रॉम्प्टर संहिता घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य दबक्या आवाजात पुढे सरकवतो. नट ते उचलून हजारो लोकांसमोर फेकतो. चांगला प्रॉम्प्टर वाक्य संपायची वाट पाहत नाही. नटाचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच पुढचं वाक्य त्याच्या कानात पडलेलं असतं. हे प्रेक्षकांना कळता कामा नये. नामदेवभाऊ हे काम तीस वर्षांहून जास्त करत होते. कुरखेड्याजवळच्या एका गावी त्यांची धानाची थोडी शेती होती. हंगाम संपला की शेतकरी, हंगाम आला की प्रॉम्प्टर.

मी म्हटलं, बसू दे बिचाऱ्यांना. ही झाली चूक क्रमांक एक.

आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे आधीच्या भाडेकरूची कोठीची खोली. भिंतींना गाद्या लावलेल्या. ध्वनीचं काम प्रवीण पाहतो. त्याने शेवंताबाईंच्या तोंडासमोर माईक लावला. शेवंताबाईंनी वर छताकडे पाहिलं.

"माईक कुठी हाये?"

"हा काय, तुमच्यासमोर."

"हा? एवढ्या जवळ? मले वाटलं, बल्ब हाये." झाडीपट्टीत माईक रंगमंचावर वरून लटकतात आणि नट त्यांच्याखाली येऊन बोलतो. त्यामुळे शेवंताबाई शिस्तीत चार पावलं मागे सरकल्या, छाती भरून घेतली आणि पहिलं वाक्य असं फेकलं की प्रवीणने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आजी, हळू," तो म्हणाला.

"आजी तुही! मागच्या रांगेत ऐकू जाईल का हळू बोललं तं?"

"मागची रांग नाही इथे."

"मंग कोणासाठी बोलू?"

दोन तास असे गेले. तोंडासमोरचा माईक पाहिला की शेवंताबाई एक तर ओरडत होत्या, नाही तर खेळणी मागायला आलेल्या पाहुण्याच्या पोरासारख्या लाजत होत्या. शेवटी मी प्रवीणला सांगितलं, पंख्याच्या हुकाला माईक लटकव. ही चूक क्रमांक दोन. माईक वर गेला आणि शेवंताबाई एकदम फुलल्या. बयाबाई त्या खोलीत प्रकट झाली म्हणा ना. लोभी, लाडीक, खोटारडी, सगळी एका श्वासात. आम्ही काचेमागे हसून हसून भिंतीला टेकलो. अकरा मिनिटांचा भाग दुपारपर्यंत संपला. शेवंताबाई चहा पिऊन लेकीच्या बाळंतपणासाठी सिरोंच्याला गेल्या, महिन्याभरासाठी.

संध्याकाळी प्रवीणने ध्वनिफीत ऐकवली. बयाबाई झकास होती. पण तिच्या प्रत्येक वाक्याच्या आधी दुसरं कोणीतरी तेच वाक्य कुजबुजत होतं. तोंडासमोरचा माईक फक्त तोंड ऐकतो. वर लटकलेला माईक अख्खी खोली ऐकतो.

"काप ना ते," मी म्हटलं.

"कुठून कापू, ताई? ते तिच्या बोलण्यावर चढलंय. त्याला कापलं की तिचा शब्द तुटतो." त्याने करून दाखवलं. बयाबाई बोबडी झाली. मधूनच संहितेचा कागद उलटल्याची सळसळही होती.

वाहिनीला आधी कच्चा आराखडा पाठवायचा होता, म्हणजे स्थिर चित्रं आणि त्यावर आवाज. मुदत दोन दिवसांवर. मी ठरवलं, आहे तसं पाठवू, सोबत लिहू की कुजबुज पुढे काढली जाईल. पाठवायच्या घाईत ते लिहायचंच राहिलं. ही तिसरी.

चार दिवसांनी तन्वी मॅडमचा फोन. "एक विचारायचं होतं. ते मागून कुजबुजतं ते कोण आहे?"

खरं सांगायला हवं होतं. खोलीत बाकीचे चौघंही माझ्याकडे पाहत होते. पडद्यावर बयाबाईचं चित्र उघडं होतं, तिच्या मागे मोहाचं झाड. मी म्हटलं, "झाड."

"झाड?"

"हो. बयाबाईला स्वतःहून काही सुचत नाही. झाड सांगतं आणि ती बोलते."

मग त्या म्हणाल्या, "आम्ही मुलांना दाखवलं. तिथे मुलं सगळ्यात जास्त हसली. पण अजून ते अर्धवट वाटतंय. झाड नीट वापरा. नमुन्यात झाडाची गोष्ट दिसू दे. दसऱ्यापर्यंत पूर्ण भाग द्या, मग ठरवू."

फोन ठेवल्यावर प्रवीण म्हणाला, "ताई, तुम्ही इतकं सफाईने खोटं बोलता हे माहीत नव्हतं."

"बयाबाई माझीच आहे," मी म्हटलं. "कामाला लागा."

झाडाची गोष्ट मी दोन दिवसांत लिहिली. वानरांनी चटईवर वाळत घातलेली मोहफुलं कोणीतरी फस्त केली आहेत. मोहाखाली पंचायत बसते. बयाबाईची साक्ष. दर वेळी झाड तिला चांगलं चांगलं सुचवतं आणि ती सुटते. शेवटी मात्र झाडाला तिच्या खोटेपणाचा कंटाळा येतो आणि ते मुद्दाम कुजबुजतं, "मीच खाल्ले." सवयीने बयाबाई तेच मोठ्याने म्हणते आणि अडकते. लिहून झाल्यावर एक प्रत शेवंताबाईंना सिरोंच्याला पाठवली. मी स्वतःवर खूष होते. आता फक्त झाडाने होकार द्यायचा होता.

मी कुरखेड्याला गेले. नामदेवभाऊ धानाच्या बांधीत निंदण करत होते. बांधावर येऊन हातपाय धुतले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाई जमत, मॅडम."

"का?"

"माहा आवाज टेपीत आला ही माही चूक झाली. आता तीच चूक पैसे घेऊन करू?"

"चूक नाही, भाऊ. मुलांना आवडलं ते."

"तुमाले समजून नाई राह्यलं." ते शांतपणेच बोलत होते. "एक डाव सिंदेवाहीकडं नाटक होतं. पुढच्या रांगेतला एक माणूस नाटक संपल्यावर मले म्हणते, 'भाऊ, तुमचा आवाज लय मस्त ऐकू येऊन राह्यला होता.' मी दोन दिवस जेवलो नाई. प्रॉम्प्टर ऐकू आला म्हणजे नट पडला. तो एक डाव सोडला तं माह्या हातून इतक्या वर्षांत एक नट पडला नाई. कंपन्या मले त्याच्यासाठीच बोलावते. आता टीव्हीवर साऱ्या दुनियेले ऐकू आलो तं वडशात मले उभं कोण करन?"

माझं काम अडलं होतं, पण त्यांचंही काही पणाला लागलं होतं आणि ते माझ्यापेक्षा जुनं होतं. परत निघताना मी सिरोंच्याला फोन लावला. शेवंताबाई पलीकडून म्हणाल्या, "त्याले दे फोन." मी दिला. मला एकच बाजू ऐकू येत होती. नामदेवभाऊ म्हणाले, "नाई." मग, "नाई ना." मग, "तू काऊन रडून राह्यली?" मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "ते म्हणते, 'कंपनीवाले मले बोलावत नाई, तू पण सोडून दे.' रडत नव्हती, मले ठाऊक हाये. नाटक करून राह्यली होती."

"मग?"

"चांगलं केलं ना पण." त्यांनी दोन अटी घातल्या. त्यांच्यासमोर माईक ठेवायचा नाही, आणि नाव पडद्यावर टाकायचं नाही. मी दोन्ही मान्य केल्या.

रेकॉर्डिंगसाठी दोनच दिवस होते. त्यापुढे गेलं असतं तर दसऱ्यापर्यंत चित्रं काढायला वेळच उरला नसता. पहिल्या दिवशी शेवंताबाई नातवाच्या आगमनाचे पेढे घेऊन आल्या. माईक वर लटकलेला, नामदेवभाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर कागद घेऊन. सगळं पहिल्यासारखं. प्रवीणने खूण केली. आणि शेवंताबाईंनी अख्खा पहिला प्रवेश एका दमात म्हणून टाकला. कुजबुज नाहीच.

"नामदेवभाऊ, तुम्ही बोलला नाहीत," मी म्हटलं.

"सांगाची गरजच नाई पडली. तिले पाठ हाये."

मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या अभिमानाने म्हणाल्या, "महिनाभर पाठ केलं ना मी! लेक बाळंतीण, मी तिच्या उशाशी बसून अस्वल घोकून राह्यली होती. म्हटलं, टीव्हीवाले लोक, त्यायच्यासमोर इज्जत गेली नाई पायजे." उभ्या आयुष्यात बाईंनी एकच संहिता पाठ केली, ती नेमकी ही.

मी नामदेवभाऊंना म्हटलं, ठीक आहे, गरज नसली तरी तुम्ही सांगा. त्यांनी सांगितलं. पण तो वेगळाच माणूस होता. ज्याला वाक्याची गरज नाही त्याला वाक्य देताना त्यांचा आवाज लाकडासारखा झाला. मी म्हटलं, तेच तर हवंय, लाकूड. कोणी हसलं नाही, कारण ऐकायला खरोखर वाईट होतं. दुपारी दोन वाजता मी सगळ्यांना जेवायला पाठवलं आणि हाताशी असलेली एकमेव गोष्ट केली. संहिता फिरवली. गोष्ट तीच, पण एकेक वाक्य नवं. नवे कागद फक्त नामदेवभाऊंच्या हाती दिले. शेवंताबाईंना एक ओळही दाखवली नाही.

"हे काय करून राह्यली तू?" शेवंताबाई म्हणाल्या. "माही महिन्याची मेहनत पाण्यात टाकली?"

"टाकली."

"अन् मी अडखळली तं?"

"नामदेवभाऊ आहेत ना."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. नामदेवभाऊ ताठ बसले होते, चष्मा पुसून पुन्हा लावला होता. मग काम असं चाललं की मी त्याचं वर्णन करायच्या फंदात पडत नाही. शेवंताबाईंना वाक्य हवं असायचं आणि ते यायचं, अगदी वेळेवर, अगदी तेवढंच. एकदा त्यांना ऐकू आलं नाही, तर त्या बयाबाईच्याच आवाजात झाडावर खेकसल्या, "जोरानं सांग ना मेल्या, इथी वानरं बसली हायेत!" ते तसंच ठेवलं. संध्याकाळपर्यंत शेवट सोडून सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवट. झाड फितुरी करतं तो प्रसंग. कागदावर नामदेवभाऊंची ओळ होती, "मीच खाल्ले." शेवंताबाई साक्षीला उभ्या राहिल्या, थांबल्या, आणि कोपऱ्यातून कुजबुज आली, "मी पाह्यले बी नाई."

"भाऊ, 'मीच खाल्ले'," मी म्हटलं.

"हो. मीच खाल्ले. चुकलं."

पुन्हा. शेवंताबाई थांबल्या. कुजबुज आली, "मी पाह्यले बी नाई." तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. चौथ्यांदा "मीच" आलं आणि पुढे खोकला. सहाव्यांदा नामदेवभाऊंनी कागद मांडीवर पालथा ठेवला. "मॅडम, समोर माणूस उभं हाये. ते माह्या भरवश्यावर उभं हाये. त्याले पाडाचं वाक्य माह्या तोंडातून निघत नाई. मी प्रयत्न करून राह्यलो, तुमी पाहून राह्यल्या."

"अरे, नाटकातलं पडणं हाये ते!" शेवंताबाई ओरडल्या.

"तुह्यासाठी नाटक हाये. माह्यासाठी थोडीच."

दुसरा दिवस असाच जाणार होता. मी मनात गोष्टीचा दुसरा शेवट शोधत होते आणि सापडत नव्हता. प्रवीणला म्हटलं, आणखी एकदा घे. सातव्यांदा शेवंताबाई साक्षीला उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे दुखत होते, भूक लागली होती. कुजबुजीची वाट न पाहता त्यांनी वैतागून बोंब ठोकली, "हो, मीच खाल्ले! मीच खाल्ले सारे!"

आणि कोपऱ्यातून, विजेचा झटका बसावा तशी, कुजबुज सुटली. "नाई... नाई... 'पाह्यले नाई' म्हण... पाह्यले बी नाई... सांभाळ..." कागद खाली पडले होते. नामदेवभाऊ स्टुलावरून अर्धे उठले होते आणि दोन्ही हातांनी तिला मागे ओढल्यासारखे हातवारे करत होते.

शेवंताबाई विनोदी नटी. अशी संधी त्या सोडणार नव्हत्या. त्या वळल्या आणि डोळे मोठे करून झाडाला म्हणाल्या, "आता काय 'पाह्यले नाई' म्हणू? तुह्यासमोरच बसून खाल्ले ना मी!"

"मंग कमी खाल्ले म्हण," झाड म्हणालं.

प्रवीणने मशीन बंद केलं नाही हे माझं नशीब. मी लिहिलेल्या शेवटात झाड अस्वलिणीला पाडत होतं. आमच्या हाती जे आलं त्यात ती स्वतःहून पडत होती आणि झाड तिला शेवटपर्यंत वाचवू पाहत होतं. माझ्या शेवटापेक्षा ते चांगलं होतं, हे मान्य करायला मला पाच मिनिटं लागली. स्वतःच लिहिलेलं फेकताना तेवढी लागतातच.

चित्रं काढायला आम्ही पाचही जण जुंपलो. बयाबाईचं तोंड सोपं गेलं. झाडाला तोंडच नव्हतं, म्हणून कुजबुजीच्या जागी आम्ही नुसती पानं हलवली आणि कागद उलटल्याची सळसळ तशीच राहू दिली. दसऱ्याच्या दोन दिवस आधी भाग पाठवला. तन्वी मॅडमचा फोन यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी स्टुडिओतल्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली.

"सव्वीस भाग करा," त्या म्हणाल्या. "आणि एक सांगा. शेवट आधीपासून असाच लिहिला होता?"

एकदा झाड म्हणून सुटले होते. या वेळी सगळं सांगितलं, पंख्याच्या हुकापासून. त्या इतका वेळ हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाल्या, "कुजबुजीचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कागद उलटल्याचा आवाज झाडातून येत नाही." हुशार बाई, असं मी वर लिहिलंच आहे.

पहिला भाग टीव्हीवर लागला त्या दिवशी श्रेयनामावलीत शेवंताबाईंचं नाव होतं आणि नामदेवभाऊंचं नव्हतं, ठरल्याप्रमाणे. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. आवाजात समाधान होतं.

"मॅडम, घरी सारे जण पाहून राह्यले होते. माह्या बायकोनंसुद्धा नाई ओळखलं. म्हणते, हे झाड कोण बोलून राह्यलं, मस्त हाये. गावात कोणालेच नाई समजलं."

"म्हणजे झालं की मनासारखं."

"हो ना. एकदम."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. या वेळी सूर वेगळा होता.

"मॅडम, गडबड झाली."

"काय झालं?"

"सकाळपासून फोन सुरू हायेत. वडसा, आरमोरी, नागभीड, ब्रह्मपुरी. सारे नट लोक. जेवढे माह्यापुढं उभे राह्यले तेवढे सारे. एकानं बी विचारलं नाई का हे झाड तुमीच हाये का म्हणून. ओळखूनच फोन करून राह्यले. एक जुना हिरो हाये ब्रह्मपुरीचा, आता घरीच असते. त्याची सून सांगत होती, झाड बोललं तं सासरे खुर्चीतून उठून उभे राह्यले म्हणे. त्यायले वाटलं आपली एन्ट्री हाये."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. सिंदेवाहीचा तो एक माणूस सोडून हजारो लोकांना तीस वर्षांत जो आवाज ऐकू आला नव्हता, तो ज्यांना रोज ऐकू येत होता ती माणसं एवढी होती, हे बहुतेक आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं. "पुढच्या भागापासून नाव टाकू?"

पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली. पुढच्या भागाची संहिता त्यांच्याकडे पोचली होती.

"टाका," नामदेवभाऊ म्हणाले. "पण अक्षरं बारीक ठेवा."